लॉन चटईसारखं गुंडाळून हातात येतंय, ही हुमणीच का?

कळंब्याची_सूनबाई | 14 ऑक्टोबर, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. वाचत असते रोज, पण धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. कळंब्याच्या पुढं आमची अडीच एकर जागा आहे. त्यातल्या बारा गुंठ्यांत सासऱ्यांनी सहा वर्षांमागं लग्नाचं लॉन केलं, मागं वीस-बावीस नारळ, एका अंगाला शेजारच्या काकांचा ऊस, दुसऱ्या अंगाला ओढा. गणपतीपर्यंत लॉन हिरवंगार होतं. नवरात्रात स्टेजच्या समोर पिवळे पट्टे दिसायला लागले, आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून दोन्ही वेळ पाणी सोडलं. काल माळीमामांनी पिवळं गवत सहज ओढलं तर हातभर तुकडा चटईसारखा गुंडाळून वर आला, खाली मूळच नाही! आणि मातीत पांढऱ्या गुबगुबीत अळ्या, तोंड तांबूस, बोट लावलं की वेटोळं करून पडतात. एक फूट बाय एक फूट जागेत मी अकरा मोजल्या.

सकाळी बगळे आणि साळुंक्यांची जत्रा असते, रात्री कुत्री उकरतात. लॉन लावून देणाऱ्याला फोन केला तर तो न बघताच म्हणाला बुरशी आहे, बुरशीनाशक मारा. साडेचार हजार गेले, अळ्या मजेत आहेत. तुळशीचं लग्न झालं की आमची बुकिंगं सुरू होतात. काय करू? आणि आली कुठनं ही एवढी?

भडंग_आणि_चहा | 14 ऑक्टोबर, रात्री 10:52

काय करायचं ते जाणकार सांगतीलच, पण अकरा मोजल्या म्हणून आधी सलाम घ्या ताई. मी एक बघूनच घरात पळालो असतो.

गुऱ्हाळवाला | 14 ऑक्टोबर, रात्री 11:15

हुमणी हाय. शंभर टक्के. आमच्या शिरोळात हिला कोण ओळखत न्हाई असं पोरगं सापडणार न्हाई. उसाचं बेट पिवळं पडायचं, मग हातानं हलवलं की मुळासकट उपटून येणार, तसंच तुमचं गवत. हे सगळं शेणखतातनं येतंय बगा. कच्चं शेणखत टाकलं आसणार. आमी पूर्वी सरळ थायमेट टाकायचो एकरी दहा किलो, आठ दिवसांत रान साफ.

शेतकी_पोरगं | 15 ऑक्टोबर, सकाळी 7:05

गुऱ्हाळवाले काका, थायमेट म्हणजे फोरेट, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. कुणाकडं जुना स्टॉक असला तरी ताई, चुकूनही टाकू नका. बारा गुंठ्यांवर लग्नातली पोरं अनवाणी लोळतात आणि शेजारी ओढा आहे.

आता मुद्द्याचं. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची मुळं खाणारी अळी, आणि तिची वर्षातनं एकच पिढी होते, हे डोक्यात ठेवलं की बाकी सगळं आपोआप कळतं. वळीव पडला की जमिनीत बसलेले भुंगेरे संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर येतात, कडुलिंब, बाभळ, बोरीवर जाऊन पानं खातात, तिथंच जोड्या लागतात, आणि पहाटेच्या आत परत मातीत. मादी चार बोटं खोल सुट्टी सुट्टी अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांनी अळी निघते, तेव्हा ती एवढीशी असते आणि कुजकं-बारीक मुळं खाते. ऑगस्ट-सप्टेंबरपासून मोठी होते आणि मग जे खाते ते तुम्हाला पिवळ्या पट्ट्यात दिसतं. थंडी पडली की खाली खोल जाऊन कोष, मग भुंगेरा, आणि तो भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत मातीतच गप बसून राहतो.

म्हणजे तुम्ही आज जे बघताय ते मे-जूनमध्ये झालेलं आहे. आत्ता मोठ्या अळीवर कुठलंही औषध अर्धवटच चालतं.

कृषी_सेवा_गल्ला | 15 ऑक्टोबर, सकाळी 9:30

मी औषधं विकतो, तरी पोरगं बोललं ते खरं आहे म्हणून सांगतो. जूनमध्ये माझ्या दुकानात हुमणीचं औषध मागणारं गिऱ्हाईक हाताच्या बोटावर मोजावं. ऑक्टोबरात रांग लागते. तेव्हा अळी अंगठ्याएवढी झालेली असते, औषध वरच्या दोन इंचात आणि ती सहा इंच खाली. पैसे माझ्या गल्ल्यात आणि अळी तिच्या जागी. मी सांगतोही, पण लोकांना वाटतं दुकानदार माल द्यायला टाळतोय.

भडंग_आणि_चहा | 15 ऑक्टोबर, सकाळी 9:41

असा दुकानदार कुठल्या गल्लीत असतो, पत्ता सांगा, हार घालतो.

तिसंगीचा_माळ | 15 ऑक्टोबर, दुपारी 1:20

गुऱ्हाळवाल्यांच्या शेणखताच्या मुद्द्यावर थोडं. सगळी पांढरी अळी हुमणी नसते. आमच्या खतखड्ड्यात दरवर्षी शेकड्यानं निघतात, वडील एकेक चिरडायचे. मग मला एकानं साधी खूण दाखवली. अळी फरशीवर ठेवा आणि हात न लावता दोन मिनिटं बघा. हुमणी असली तर कुशीवर वेटोळं करून पडते, फार तर लंगडत पायांवर सरकायला बघते. आणि खतातली फुलभुंग्याची अळी असली तर चक्क उताणी होते आणि पाठीवर सरसर चालायला लागते, पाय वर हवेत! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं, तिनं झाडू मारला ती गोष्ट वेगळी. ही पाठीवर चालणारी कुजलेलं खाते, जिवंत मुळाच्या वाटेला जात नाही, उलट खत बारीक करून देते. तिला मारू नका.

तुमच्या लॉनमधल्या वीस आणि खड्ड्यातल्या वीस वेगवेगळ्या ठेवून बघा.

गुऱ्हाळवाला | 15 ऑक्टोबर, दुपारी 1:48

पाठीवर चालणारी अळी! साठीला आलो, आसलं काय बगितलं न्हाई. उद्या बगतो.

न्यूजर्सीत_कोल्हापूर | 15 ऑक्टोबर, दुपारी 4:10

मूळचा शुक्रवार पेठेतला, आता इथं न्यूजर्सीत. ताई, तुमचं दुःख मला इथं बसून कळतंय. आमच्याकडं जपानी भुंगेरा असतो, अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोच आमच्या या राज्यात, 1916 साली. दिसायला सुंदर, हिरवा-तांबेरी चकचकीत, आणि अळी तुमच्यासारखीच लॉनची मुळं खाते. पिवळे ठिगळ, गुंडाळणारं गवत, रात्री उकरणारे प्राणी, सगळं डिट्टो, फक्त कुत्र्याऐवजी इथं स्कंक आणि रॅकून.

मी पहिल्या वर्षी दुकानातनं वासाचा सापळा आणला, पिशवी असते, भुंगेरे वासानं येऊन आत पडतात. अंगणाच्या मधोमध लावला. रोज पिशवी भरायची, मी खूश. ऑगस्टमध्ये लॉन पार गेलं. मग कळलं की तो सापळा जेवढे पकडतो त्याहून जास्त बोलावतो, शेजारपाजारचे सगळे माझ्या अंगणात यायचे, निम्मे पिशवीत, निम्मे खाली गवतात अंडी घालायला. सापळा लावायचाच तर लॉनपासून लांब. शेजारी तेव्हापासून मला बघून हसतो.

शाहूपुरी_सहावी | 15 ऑक्टोबर, सायंकाळी 6:30

लॉन काढून टाका आणि पेव्हर ब्लॉक बसवा. विषय संपला.

भडंग_आणि_चहा | 15 ऑक्टोबर, सायंकाळी 6:34

आणि मे महिन्यात वऱ्हाडाला त्यावर भाकरी भाजून वाढा.

कळंब्याची_सूनबाई | 16 ऑक्टोबर, सकाळी 11:20

तिसंगीचा माळ दादा, केलं! स्वयंपाकघराच्या फरशीवर नको म्हणून सासूबाईंनी अंगणातली पाटी दिली. लॉनमधल्या वीसपैकी वीसच्या वीस कुशीवर, एकही उताणी नाही. खतखड्ड्यातल्या वीसपैकी अठरा उताण्या होऊन पळाल्या! माझी मुलगी आता शर्यत लावतेय त्यांची. उरलेल्या दोन खूप मोठ्या होत्या, माझ्या करंगळीहून लांब, त्या वेगळ्याच वाटल्या.

म्हणजे आमचं खत निर्दोष, हो ना? मग लॉनमध्ये आली कुठनं? सासरे म्हणतायत शेजारच्या उसातनं चालत आली.

तिसंगीचा_माळ | 16 ऑक्टोबर, सकाळी 11:55

त्या दोन मोठ्या गेंड्या भुंग्याच्या असणार. नारळ आहेत ना तुमच्याकडं? नारळाची पानं कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखी दिसतात का बघा. तो भुंगा झाडाच्या सुईत शिरतो, कोवळं पान गुंडाळलेलं असतानाच कुरतडतो, आणि पान उलगडलं की दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी दिसते. अळ्या मात्र खतखड्ड्यात. त्या दोन मारल्या तरी चालतील, खड्डा दर महिन्या-दोन महिन्यांनी उलथा. झाडाच्या गाभ्यात भोक दिसलं तर तारेचा हूक घालून ओढून काढायचा, आणि वरच्या पानांच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू.

शेतकी_पोरगं | 16 ऑक्टोबर, दुपारी 12:30

अळी उसातनं लॉनपर्यंत चालत येत नाही, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. एवढं लांब चालायचं तिला जमत नाही. उडून येते ती तिची आई.

गुऱ्हाळवाला | 16 ऑक्टोबर, दुपारी 12:44

बगितली! उकिरड्यातली पाठीवर चालली! नातवानं व्हिडिओ काढलाय. म्हंजे इतकी वर्षं मी गरीब बिचारीला मारत हुतो.

पंचगंगेचा_काठ | 16 ऑक्टोबर, रात्री 8:15

एक गोष्ट कुणी बोललं नाही. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हुमणीच्या मुख्य दोन जाती त्रास देतात. एक माळावरची, होलोट्रिकिया, तिचा भुंगेरा लिंबा-बाभळीवर पानं खायला बसतो. दुसरी नदीकाठची, ल्युकोफोलिस, अंगानं मोठी, हिचे भुंगेरे पानं फारसे खात नाहीत. त्यामुळं झाडं हलवून भुंगेरे पाडायची मोहीम माळावर जोरात चालते आणि नदीकाठी लोक म्हणतात आम्ही दहा रात्री काठ्या मारल्या, काही मिळालं नाही. आमच्या गावात यावरनं भांडणं झालीत.

गुऱ्हाळवाला | 16 ऑक्टोबर, रात्री 8:40

आमच्याकडं 2019 च्या पुरात आठवडाभर पाणी हुतं रानात. ऊस गेला, घरातली भांडी गेली, पण पुढच्या वर्षी हुमणी दिसली न्हाई. तेवढंच काय ते बरं झालं म्हणायचं.

पंचगंगेचा_काठ | 16 ऑक्टोबर, रात्री 8:52

काका आमच्याकडंही 2019 ला पाणी होतं, पुढच्या वर्षी कमी होती हे खरं, पण 2021 चा पूर येऊन गेल्यावर बांधाच्या उंचवट्यावरनं परत पसरली. पाण्यात बुडाली तेवढी मरते, उंचावर राहिलेलीची पोरं परत खाली येतात.

धागा_राखणदार | 16 ऑक्टोबर, रात्री 9:10

पुराचा वेगळा धागा आहे, तिकडं चला. इथं ताईंचं लॉन.

शेतकी_पोरगं | 17 ऑक्टोबर, सकाळी 6:50

ताई, आत्ता करायचं ते असं. जिथं गवत गुंडाळून येतंय तिथं ते गुंडाळाच, पूर्ण. खालची माती चार-पाच इंच खुरप्यानं हलवा आणि सकाळी दोन तास पक्ष्यांना मोकळं सोडा, बगळे तुमचे फुकटचे मजूर आहेत, हाकलू नका. उरलेल्या हातानं वेचून साबणाच्या पाण्यात. मग मेटारायझियम, ही बुरशी आहे पण किडीला लागणारी, शिफारस हेक्टरी 20 किलो म्हणजे एकरी 8, तुमच्या बारा गुंठ्याला दोन किलो चारशे ग्रॅम होतं. चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून मग पसरायचं. तुम्ही आत्ताच बुरशीनाशक मारलंय ना, त्यामुळं लगेच नको, ते या बुरशीलाही मारतं. पंधरा-वीस दिवस थांबा.

तोवर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंतासारखे जीव, वापरा, हेटरोऱ्हॅब्डिटिस इंडिका या नावानं मिळतात. हे उसाच्या मुळाला गाठी करणारे नव्हेत, कीड खाणारे आहेत. संध्याकाळी, माती ओली करून, आळवणी घालायची, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतायचे, आणि वर परत हलकं पाणी. उन्हात टाकले तर मेले. पाच-सहा दिवसांनी माती उकरून बघा, अळी विटकरी लाल होऊन लिबलिबीत पडलेली दिसली की समजा काम झालं. मेटारायझियमनं मेलेली वेगळी दिसते, कडक होते आणि अंगावर हिरवी पूड धरते.

आजऱ्याचा_घनसाळ | 17 ऑक्टोबर, सकाळी 8:15

आमच्याकडं भुईमुगात असायची. लहानपणी वळवाचा पहिला पाऊस झाला की आम्ही पोरं कंदील घेऊन लिंबाखाली. भुंगेरा धरायचा, मागच्या पायाला दोरा बांधायचा आणि गरगर फिरवायचा, घुंईई आवाज करत पंख्यासारखा उडायचा. आई ओरडायची पाप लागंल म्हणून. आता कळतंय की आम्ही कृषी खात्याचं काम फुकटात करत होतो.

भडंग_आणि_चहा | 17 ऑक्टोबर, सकाळी 8:22

आमच्याकडं शिवाजी पेठेत भुंगेरा नव्हता, आम्ही चतुराला बांधायचो. शहरी गरिबी.

न्यूजर्सीत_कोल्हापूर | 17 ऑक्टोबर, दुपारी 3:35

इथं आमच्याकडं मिल्की स्पोअर म्हणून जिवाणूची पूड मिळते, अळ्या आतनं दुधाळ होऊन मरतात. पण ती जपानी भुंगेऱ्यापुरतीच, कुणी ऑनलाइन मागवायचा विचार करत असाल तर करू नका.

बाकी मला एक विचारायचंय. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की पिवळं स्टेजसमोर पडलं. बारा गुंठ्यांत बाकी कुठं पडलं? उसाच्या बाजूला? ओढ्याच्या?

कळंब्याची_सूनबाई | 17 ऑक्टोबर, रात्री 9:45

तुम्ही विचारलंत म्हणून आज दोरी धरून नीट बघितलं, पाच ठिकाणी एकेक फुटाचा चौकोन तिन्ही बाजूंनी कापला आणि झाकणासारखा उचलून मोजलं. स्टेजसमोर अकरा आणि नऊ. मंडपाच्या दारापाशी सात. उसाच्या कडेला दोन. ओढ्याकडं एकही नाही. म्हणजे सासऱ्यांचा उसाचा सिद्धांत बारगळला, ते गप जेवून झोपले.

एक आठवलं, कामाचं आहे का माहीत नाही. मे महिन्यात आमच्याकडं अकरा लग्नं होती. वळीव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी रिसेप्शन होतं आणि भुंगेरे इतके आले की काय सांगू, पंगतीत मठ्ठ्याच्या ग्लासात पडत होते, नवरीच्या गजऱ्यात एक अडकला, ती स्टेजवर किंचाळली आणि फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला. केटररनं पातेल्यांवर चादरी टाकल्या. आम्ही सकाळी झाडून पोतंभर मेलेले भुंगेरे टाकले होते. दिवे बंद केल्यावर कमी झाले.

शेतकी_पोरगं | 17 ऑक्टोबर, रात्री 9:58

ताई!!! हे आधी सांगायचं की हो!!!

तिसंगीचा_माळ | 17 ऑक्टोबर, रात्री 10:03

दिवे कसले आहेत? किती?

कळंब्याची_सूनबाई | 17 ऑक्टोबर, रात्री 10:10

स्टेजसमोर दोन खांबांवर पांढरे मोठे फोकस, प्रत्येकी चार. दारापाशी दोन. लग्न नसलं तरी सुरक्षेसाठी चालू असतात रात्रभर.

न्यूजर्सीत_कोल्हापूर | 17 ऑक्टोबर, रात्री 10:31

म्हणजे तुम्ही माझ्या पिशवीचा मोठा भाऊ उभा केलाय. शेतात लोक प्रकाश सापळा लावतात ना, दिवा आणि खाली पाण्याची घमेली. तुम्ही दिवा लावलाय आणि घमेल्याच्या जागी मऊ, रोज पाणी पाजलेलं लॉन ठेवलंय. अख्ख्या शिवाराचे भुंगेरे येऊन त्यावर पडणार, उठणार आणि तिथंच मातीत शिरणार.

भडंग_आणि_चहा | 17 ऑक्टोबर, रात्री 10:35

विषय हार्ड. वऱ्हाड वेगळं आणि बिनबोलावलेलं वऱ्हाड वेगळं.

कृषी_सेवा_गल्ला | 18 ऑक्टोबर, सकाळी 9:20

वीस वर्षं दुकान चालवतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान गये.

पंचगंगेचा_काठ | 18 ऑक्टोबर, दुपारी 12:15

जरा सबुरीनं. सगळा दोष दिव्याचा नाही. त्यांच्याकडं पाणी रोज, माती पोयटा, गवताची मुळं दाट, मादीला याहून चांगलं बाळंतघर कुठलं. उन्हाळ्यात आजूबाजूचा माळ कडक असतो, ओली मऊ जमीन म्हणजे लॉनच. दिवे बंद केले तरी काही येणारच. पण स्टेजसमोर अकरा आणि ओढ्याकडं शून्य, ओढ्याकडंही माती ओलीच असणार, तेव्हा दिव्याचं वजन मोठं आहे हे मान्य.

शाहूपुरी_सहावी | 18 ऑक्टोबर, दुपारी 12:40

मग लग्नं अंधारात लावायची का?

तिसंगीचा_माळ | 18 ऑक्टोबर, दुपारी 1:30

अंधारात कशाला, दिवसाउजेडी गोरज मुहूर्तावर उरकून घ्या. चेष्टा राहू दे, असं करता येईल. भुंगेऱ्यांची मुख्य उड्डाणाची वेळ अंधार पडल्यावर दीड-दोन तास, साधारण साडेसात ते नऊ. वळवाच्या पहिल्या पावसापासून जूनअखेरपर्यंत एवढा काळ सांभाळायचा. पांढरे फोकस काढून पिवळे लावा, पिवळ्यावर किडे बरेच कमी येतात. रात्रभरचे दिवे बंदच. आणि मुद्दाम एक पांढरा दिवा लॉनपासून लांब, नारळांच्याही पलीकडं, खाली पाण्याची टाकी. लिंबाची झाडं आहेत का जवळ?

कळंब्याची_सूनबाई | 18 ऑक्टोबर, दुपारी 3:05

बांधावर दोन मोठे कडुलिंब आहेत, शेजारच्या काकांच्या आणि आमच्या मधे. पण खाली पाण्यात रॉकेल टाकायचं म्हणतात, ते आणू कुठनं? रेशनला मिळायचं बंद होऊन जमाना झाला.

गुऱ्हाळवाला | 18 ऑक्टोबर, दुपारी 3:30

कपड्याची पावडर टाका मूठभर. भुंगेरा साध्या पाण्यात तरंगतो आणि कडेला चढून जातो, साबणाच्या पाण्यात सरळ बुडतो. आमी आता तेच करतोय. आणि लिंबाच्या फांद्या आकडीनं हलवायच्या, खाली ताडपत्री. मात्र शेजाऱ्याला संगट घ्या. एकट्यानं क्येलं तर तुमी मारणार, त्येच्या रानातनं नवे येणार.

कळंब्याची_सूनबाई | 18 ऑक्टोबर, सायंकाळी 7:15

शेजारच्या काकांशी सासऱ्यांचं बांधावरनं चार वर्षं बोलणं नाहीय.

भडंग_आणि_चहा | 18 ऑक्टोबर, सायंकाळी 7:18

भुंगेऱ्याला सातबारा कळत नाही म्हणावं.

कळंब्याची_सूनबाई | 24 नोव्हेंबर, रात्री 10:05

थोडक्यात अपडेट. स्टेजसमोरचा तीन गुंठे पट्टा उचलला, चार दिवस बगळ्यांना सोडला. माळीमामांनी आणि मी मिळून दोन बादल्या वेचल्या, मोजायचं सोडून दिलं. सूत्रकृमी घातले, सहाव्या दिवशी उकरलं तर काही अळ्या खरोखर विटकरी लाल, काही मात्र ठणठणीत. नवीन गवताचे तुकडे बसवले. पहिलं लग्न कार्पेट टाकून निभावलं, कुणाला कळलं नाही. मेटारायझियम आता घालतेय.

शेतकी_पोरगं | 25 नोव्हेंबर, सकाळी 7:00

ठणठणीत राहणारच काही, निराश होऊ नका. आता त्या खाली जातील. मेटारायझियम जून-जुलैला परत घाला, बारकी अळी वर असते तेव्हा खरा उपयोग. मेच्या पहिल्या आठवड्यात मला आठवण करा.

कळंब्याची_सूनबाई | 9 जून, रात्री 11:30

हा धागा वर काढतेय. आठवण करायची गरजच पडली नाही, माझ्या मुलीनं कॅलेंडरवर भुंगेरा काढून ठेवला होता.

पांढरे फोकस काढले, पिवळे लावले. साडेनऊनंतर स्टेजचे बंद. नारळांच्या मागं एक पांढरा बल्ब, खाली गुरांची जुनी डोण, पाणी आणि कपड्याची पावडर. पहिला वळीव झाला त्या रात्री सव्वासातला लावला. आधी काहीच नाही, मी म्हटलं फसलं. साडेसातनंतर टप्, टप्, मग टपटपटप गारा पडल्यासारखं डोणीच्या पत्र्यावर. सकाळी गाळून मोजले, तीनशे बारा. दुसऱ्या रात्री एकशे ऐंशी. मग पाऊस नव्हता तेव्हा दहा-वीस. मृगाला परत दोनशेवर. कोंबड्यांना थोडे घातले, त्या खूश.

आणि बातमी अशी की तिसऱ्या रात्री शेजारचे काका बॅटरी घेऊन बांधावर आले, हे काय चाललंय म्हणून. मी सांगितलं. ते काही न बोलता गेले आणि आकडी घेऊन परत आले. त्या रात्री काका लिंब हलवत होते आणि सासरे खाली ताडपत्री धरून उभे होते. बोलले नाहीत. पण चौथ्या रात्री काका म्हणाले, "जरा डावीकडं धर की."

गुऱ्हाळवाला | 10 जून, सकाळी 6:20

वा! ह्ये वाचून सकाळ चांगली झाली. आमच्या गल्लीत पण चार डोणी मांडल्यात यंदा.

पंचगंगेचा_काठ | 10 जून, सकाळी 8:45

छान. पण डोणीतले आकडे बघून थांबू नका, मला खरं सांगा ऑगस्टअखेर तोच फूटभर चौकोन कापून. पकडले किती याला अर्थ नाही, खाली राहिले किती ते बघायचं.

कळंब्याची_सूनबाई | 31 ऑगस्ट, सायंकाळी 6:40

काठ दादा, तुमच्यासाठी आज कापले. तेच पाच चौकोन. स्टेजसमोर दोन आणि एक. दारापाशी तीन (तिथला एक पांढरा दिवा काढायचा राहिला होता, तो आज काढला). उसाकडं दोन. ओढ्याकडं यंदा एक निघाली. मेटारायझियम जुलैत घातलं होतं, एक अळी हिरवी पूड धरलेली सापडली, मुलीनं काडेपेटीत ठेवलीय शाळेत दाखवायला.

पंचगंगेचा_काठ | 31 ऑगस्ट, सायंकाळी 7:05

आता मानलं. दारापाशी तीन, दिवा राहिला होता तिथंच. याहून काय पुरावा पाहिजे.

तिसंगीचा_माळ | 31 ऑगस्ट, सायंकाळी 7:30

नारळाचं काय झालं?

कळंब्याची_सूनबाई | 31 ऑगस्ट, सायंकाळी 7:42

तीन झाडांत भोकं होती, सासऱ्यांनी वर चढायला माणूस लावला, दोन गेंडे काढले. खड्डा उलथतोय. बाकी पानं अजून कात्रीनं कापल्यासारखीच उलगडतायत, जुनी आहेत की नवी ते कळत नाही. त्यावर वेगळा धागा काढते.

भडंग_आणि_चहा | 31 ऑगस्ट, रात्री 9:00

काढा काढा. आणि ताई, वैशाखातली एखादी तारीख रिकामी असेल तर सांगा, घरचे मागं लागलेत. दिवे पिवळेच ठेवा, त्यात मी जरा उजळ दिसतो.